शिकाऊ उमेदवाराची मजुरी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे संपले आणि एक काका उठून उभे राहिले. भावाचे त्यांनी काहीच विचारले नाही. ते म्हणाले, "साहेब, पोरगा आयटीआय झाला, इलेक्ट्रिशियन. दोन वर्षे घरीच बसून आहे. एक एजंट म्हणतो, जर्मनीला पाठवतो, तिथे कामही देतात, शिकवतातही आणि पगारही देतात. चार लाख लागतील. सव्वा एकर विकू का?"

सगळी बैठक गप्प झाली. मीही गप्प झालो. मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस. बोंडअळीचे विचारा, ज्वारीच्या खोडमाशीचे विचारा, उत्तर तयार आहे. जर्मनीचे मी काय सांगणार? "पुढच्या बैठकीत सांगतो" म्हणालो आणि वेळ मारून नेली.

काका आजही आले आहेत, समोरच बसले आहेत. मधल्या दिवसांत जेवढे वाचता आले तेवढे वाचले, जाणकारांना विचारले. पण नुसते 'विका' किंवा 'विकू नका' असे सांगून मी खाली बसणार नाही. तसे केले तर उद्या दुसरा एजंट दुसऱ्या देशाचे नाव घेऊन येईल आणि तुम्ही पुन्हा मला विचारायला याल. दुसऱ्याच्या अकलेवर चालायची सवय आपल्याला आधीच फार लागलेली आहे. म्हणून आज आपण असे करू. परक्या मुलखातून आलेल्या बेकार माणसाला काम आणि शिक्षण एकत्र द्यायची जर्मनीची रीत काय आहे, ती कुठे साधली आणि कुठे फसली, हे नीट समजून घेऊ. मग काकांचा हिशेब काका स्वतःच मांडतील.

पाहुणा म्हणून बोलावले, शिकवले मात्र नाही

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी बेचिराख झाला. नंतर कारखाने पुन्हा उभे राहिले, पण राबायला माणसे पुरेनात. म्हणून पश्चिम जर्मनीच्या सरकारने १९५५ साली इटलीशी करार केला, १९६० साली स्पेन आणि ग्रीसशी, १९६१ साली तुर्कस्तानशी. तिथून तरुण माणसे आणली. त्यांत खेड्यातले, शेतीवर न भागणारे पुष्कळ होते. त्यांना नाव दिले 'पाहुणे कामगार'. पाहुणा म्हणजे चार दिवस राहणारा आणि परत जाणारा. मग त्याला भाषा कशाला शिकवायची? धंदा कशाला शिकवायचा? एक यंत्र दाखवायचे, एक खटका दाखवायचा आणि तो दाबत राहा म्हणायचे.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि ही भरती बंद झाली. तोवर सुमारे १ कोटी ४० लाख माणसे येऊन गेली होती. त्यांपैकी सुमारे १ कोटी १० लाख परत गेली, बाकीची राहिली. त्यांची बायकामुले आली. पुढे खाणी बंद पडल्या, जुने कारखाने बंद पडले. तेव्हा आधी बाहेर कोण पडले? ज्याला एकच खटका दाबता येत होता तो. वीस वर्षे घाम गाळला, पण हातात धंद्याचा कागद नाही आणि तोंडात त्या देशाची भाषा नाही. पहिला करार १९५५ चा, आणि परदेशातून येणाऱ्यांसाठी देशभर एकसारखा भाषेचा वर्ग कायद्याने बांधून दिला तो २००५ साली. मध्ये पन्नास वर्षे गेली. शहाण्या म्हणवणाऱ्या देशालाही एवढी साधी गोष्ट कळायला पन्नास वर्षे लागतात, हे लक्षात ठेवा.

२०१५ साल

मग आले २०१५ साल. सिरियात यादवी पेटलेली, अफगाणिस्तान आणि इराकही जळत होते. त्या एका वर्षात जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार माणसे आश्रय मागायला आली. कोणी शिंपी, कोणी शेतकरी, कोणी अर्धवट शिकलेला विद्यार्थी. बहुतेकांकडे ना भाषा, ना ओळखीचा मालक, ना त्या देशात चालणारे प्रमाणपत्र. पुष्कळांच्या डोक्यावर वाटेतल्या दलालाचे कर्ज.

या माणसांचे करायचे काय? जुना नियम असा की आश्रय मागणाऱ्याने ठरावीक काळ काम करायचेच नाही. ती मुदत आधी एक वर्ष होती. २०१३ साली ती नऊ महिन्यांवर आली, २०१४ साली तीन महिन्यांवर. त्यावर आणखी एक अट होती. एखादा मालक अशा माणसाला घ्यायला तयार असला तरी त्या कामाला देशातला किंवा युरोपातला कोणी मिळतो का, हे आधी तपासायचे. कागद फिरत राही आणि मालक कंटाळून जाई. ही तपासणी २०१६ साली बहुतेक जिल्ह्यांत थांबवली. म्हणजे आधी माणसाला सरकारच बेकार ठेवत होते आणि मग लोक म्हणत, हे फुकटचे खातात. आपल्याला हा प्रकार नवा नाही.

तेव्हा तिथे दोन मते होती. एक मत असे की आधी भाषा पक्की करा, मग शिक्षण घ्या, मग काम शोधा. दुसरे मत असे की काम आणि शिक्षण एकत्रच द्या. मी दुसऱ्या मताचा का आहे, ते माझ्याच फजितीवरून सांगतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गावात गुलाबी बोंडअळीचे व्याख्यान दिले. पडदा लावला, चित्रे दाखवली. कामगंध सापळा कसा लावायचा, सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन रात्री सापडले की फवारणीचा विचार करायचा, सगळे सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. पंधरा दिवसांनी गेलो तर एकाने सापळा गोठ्यात टांगलेला, माशा पकडायला. दोष त्या भावाचा नव्हता, माझा होता. पुढच्या हंगामात दर गुरुवारी पंचवीस जण घेऊन मी वावरात उभा राहिलो. बोंड फोडले, अळी हातावर घेतली, पतंग मोजले. त्या गावाला ते पुन्हा सांगावे लागले नाही. या पद्धतीला आपण शेतीशाळा म्हणतो. इंडोनेशियात १९८९ साली भाताच्या शेतकऱ्यांबरोबर ती सुरू झाली आणि जगभर गेली. वही घरी ठेवून, हात चिखलात घालून शिकलेले माणूस विसरत नाही.

जर्मनीत धंदेशिक्षणाची रीत नेमकी हीच आहे, आणि ती निर्वासितांसाठी काढलेली नाही. ती त्यांच्या स्वतःच्या पोरांसाठी आहे. १९६९ च्या कायद्याने ती देशभर एका चौकटीत बसवली. सव्वातीनशेच्या वर धंदे त्यात येतात. बेकरीवाला, नळजोडणीवाला, वीजतंत्री, सगळे. पोरगा आठवड्यातले तीन-चार दिवस मालकाकडे काम करतो आणि एक-दोन दिवस धंदेशाळेत जातो. मुदत दोन ते साडेतीन वर्षे. वीजतंत्र्याला साडेतीन. पहिल्या महिन्यापासून पगार, तो दरवर्षी वाढतो. शेवटी परीक्षा होते. ती एकटा मालक घेत नाही. परीक्षा मंडळावर मालकांचे, कामगारांचे आणि शिक्षकांचे असे तिघांचे प्रतिनिधी असतात. म्हणून तो कागद देशभर चालतो. आपल्या भाषेत सांगायचे तर हा शिकाऊ उमेदवार, पण कायद्याने बांधलेला आणि मजुरी घेणारा.

२०१५ नंतर जर्मनीने नवे मोठे काही उभारले नाही. जी रीत होती, तिच्या दारापर्यंत परक्या माणसाला कसे आणायचे, एवढाच प्रश्न होता.

बाजेचे चार खूर

मी या सगळ्याला बाज म्हणतो. बाजेला चार खूर असतात. पहिला खूर रोजीचा, दुसरा विद्येचा, तिसरा भाषेचा आणि चौथा मुक्कामाच्या हमीचा. चारातला एक काढा, बाज कलंडते. जर्मनीत एकेक खूर काढूनही पाहिला गेला, म्हणून आपल्याला पुरावा मिळतो.

आधी विद्येचा खूर काढला. २०१६ साली केंद्र सरकारने निर्वासितांसाठी एक लाख कामांची योजना काढली. छावणीची झाडलोट, कपडे धुणे, वाढप. मोबदला तासाला ८० सेंट. तेव्हा तिथली किमान मजुरी तासाला साडेआठ युरो होती, म्हणजे तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. कारण काय, तर हे काम नव्हे, 'सवय' आहे! ठरवलेल्या जागांपैकी थोड्याच भरल्या आणि २०२० साली योजना संपली. झाडू मारायची सवय कोणाला लावायची गरज नसते. दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

मग रोजीचा खूर काढून पाहू. भाषेचा सरकारी वर्ग म्हणजे ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची ओळख. चांगला आहे. पण वर्गाला जागा मिळेपर्यंत थांबा, संपला की पुढच्या वर्गासाठी थांबा, आणि या काळात काम नाही. २०२२ साली युद्धामुळे युक्रेनमधून दहा लाखांहून जास्त माणसे आली तेव्हाही आधी वर्ग, मग काम हाच क्रम धरला. शेवटी २०२३ च्या ऑक्टोबरात सरकारनेच सांगितले की मूळ वर्ग झाला की माणसाला लवकर कामावर घ्या आणि पुढची भाषा कामाबरोबर शिकू द्या. शेतीशाळेचा धडा त्यांनीही असा उशिरा गिरवला.

तिसरा खूर भाषेचा. इथे उलट चूक होते. कामावर बोट दाखवून भागते, म्हणून पोरगा तिथे रमतो. पण धंदेशाळेत फळ्यावर जर्मन, पुस्तकात जर्मन, परीक्षा जर्मनमध्ये. हात चालतो आणि पेपर अडतो. पुष्कळ जण तिथेच गळाले. म्हणून त्यांनी दोन सोयी केल्या. एक म्हणजे उमेदवारीच्या आधीची कच्ची उमेदवारी, साधारण सहा महिने ते वर्षभर. त्यात मालक पोराला पारखतो, पोरगा धंदा पारखतो, आणि त्याच्या मोबदल्याचा काही भार सरकार उचलते. दुसरी म्हणजे उमेदवारी चालू असताना शिकवणीला माणूस आणि धंद्याच्या भाषेचे वेगळे वर्ग. स्विचला काय म्हणतात, अर्थिंगला काय म्हणतात, ही भाषा व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही.

चौथा खूर सगळ्यांत महत्त्वाचा आणि आपल्याला सगळ्यांत लवकर कळणारा. मला सांगा, एका सालाच्या मक्त्याने घेतलेल्या वावरात कोणी शेणखत टाकतो का? बांध घालतो का? नाही. पुढच्या साली वावर राहील की नाही याची खात्री नसेल तर माणूस फक्त ओरबाडतो. मालकाचेही तसेच. ज्या पोराला सहा महिन्यांनी पोलीस परत पाठवणार, त्याला साडेतीन वर्षांचा धंदा कोण शिकवील? कारागिरांच्या संघटनांनीच हा प्रश्न लावून धरला. २०१६ च्या कायद्यात त्याचे उत्तर आले. आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला तरी जो उमेदवारीवर आहे त्याला ती संपेपर्यंत परत पाठवायचे नाही, आणि त्याच धंद्यात नोकरी लागली तर आणखी दोन वर्षे राहू द्यायचे. तिथे याला 'तीन अधिक दोन' म्हणतात. अंमलबजावणी सगळ्या प्रांतांत सारखी झाली नाही. पण मालकाला आणि पोराला दोघांनाही पुढचे पाच हंगाम दिसू लागले. मग शेणखत पडू लागले.

डेन्मार्कनेही २०१६ सालीच असे केले. सरकार, मालकांची संघटना आणि कामगारांची संघटना एका टेबलाशी बसली. निर्वासिताला दोन वर्षे काम, शिकाऊ उमेदवाराच्या दराने पगार आणि त्या दोन वर्षांत वीस आठवडे शाळा. कामगार संघटना करारात असल्यामुळे मजुरीचे दर पाडण्याची मुभा राहिली नाही.

घाईची विक्री

आता हिशेबाला येऊ. हिशेबाशिवाय आपले भाषण संपत नाही.

२०२५ साली सुरू होणाऱ्या उमेदवारीला कायद्याने पहिल्या वर्षी महिन्याला कमीत कमी ६८२ युरो द्यावे लागत होते. पुष्कळ धंद्यांत त्याहून जास्त मिळतात, पण हे किमान. त्याच वर्षी साध्या मजुराची किमान मजुरी तासाला १२ युरो ८२ सेंट होती. आठवड्याला चाळीस तास धरले तर महिन्याला सुमारे २,२०० युरो. म्हणजे गोदामात खोकी उचलणाऱ्याला शिकणाऱ्याच्या तिप्पट.

सिरियातून आलेला वीस वर्षांचा पोरगा या दोहोंतून काय निवडील? त्याच्या डोक्यावर दलालाचे कर्ज आहे. आई छावणीतून विचारते, पैसे कधी पाठवतोस? तो गोदामात जातो. त्याला शिकायचे नव्हते असे नाही. त्याला थांबायची ताकद नव्हती. तीन वर्षांनी कारागिराचा पगार मिळेल हे त्याला समजते. पण तीन वर्षे काढायची कशी?

भावांनो, हा पोरगा तुम्ही ओळखता. कापूस घरात आला की पुढे भाव वाढेल हे तुम्हाला माहीत असते. तरी तुम्ही दिवाळीआधी विकता, कारण सावकार आणि कृषिकेंद्रवाला दारात उभा असतो. त्याला आपण घाईची विक्री म्हणतो. तुम्ही कापूस घाईने विकता, त्या पोराने घाम घाईने विकला. आपल्याकडे बाजार समितीत शेतमाल तारण योजना आहे. ज्वारी, तूर गोदामात ठेवा, त्यावर उचल घ्या आणि भाव आला की विका. शिकाऊ उमेदवारालाही असेच तारण लागते. जर्मनीत उमेदवाराचा पगार पुरत नसेल तर राहण्या-खाण्यासाठी सरकारी भर मिळते. निर्वासितांपैकी काहींना ती आधी मिळत नव्हती. २०१९ च्या बदलांनी ती जास्त लोकांना मिळू लागली. फुकट वर्ग दिला म्हणजे शिक्षण दिले असे होत नाही. शिकण्याच्या काळात चूल पेटली पाहिजे.

फळ काय मिळाले? २०१५ साली आलेल्यांपैकी कामाच्या वयाचे सुमारे ६४ टक्के लोक २०२४ अखेर नोकरीवर होते. त्या देशात सरसकट हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास. नऊ वर्षांत परका माणूस जवळपास तिथल्याच्या बरोबरीला आला. काही जण कारागीर झाले, पुष्कळ जण गोदामात आणि हॉटेलच्या भटारखान्यात आहेत. पण बसून खाणारे म्हणून ज्यांची गणना झाली होती, त्यांतले बहुतेक आज कर भरतात.

मात्र मायबहिणींनो, या आकड्याच्या पोटात दुसरा आकडा आहे. पुरुष सुमारे ७६ टक्के आणि बाया सुमारे ३५ टक्के. पुरुष वर्गाला गेला, बाई पोरे सांभाळत राहिली. पाळणाघरात जागा नाही म्हणून वर्ग नाही, वर्ग नाही म्हणून भाषा नाही, भाषा नाही म्हणून काम नाही. आपण हसू नये. आपल्या वावरात निंदण बाई करते, वेचणी बाई करते, बोंडातली अळी सगळ्यांत आधी तिला दिसते. आणि शेतीशाळेला कोण येतो? तिचा नवरा. माझ्या पहिल्या तीन वर्षांच्या हजेरीपटात एकाही बाईचे नाव नव्हते. माझ्या चुका मोजायला बसलो तर ही सगळ्यांत मोठी निघेल.

आणखी एक बोलून घेतो. परका माणूस म्हणजे जर्मनीतला सिरियन एवढेच नव्हे. वेचणीला मेळघाटातून, मध्य प्रदेशातून टोळ्या येतात, त्या आपल्या दृष्टीने परक्याच. त्यांच्या पोरांची शाळा तीन महिने बुडते. त्यांना आपण कापूस किलोवर मोजून पैसे देतो आणि नाव विचारत नाही. पन्नास वर्षे जर्मनीने जे केले तेच आपण करतो. उद्या आपला पोरगा परक्या देशात गेल्यावर त्याला माणसासारखे वागवावे असे वाटत असेल, तर सुरुवात बांधावरून करावी लागेल.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर

आता काका, तुमच्या सव्वा एकराकडे वळू.

एजंट सगळेच खोटे बोलला असे नाही. जर्मनीत माणसे कमी पडतात हे खरे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेंबर्ग प्रांताशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, दहा हजारांची भाषा झाली, हेही खरे. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला वीस हजारांऐवजी नव्वद हजार व्हिसांची तयारी दाखवली. पण घोषणा म्हणजे नेमणुकीचे पत्र नव्हे. हमीभावाची घोषणा आणि हातात पडलेला भाव यांतले अंतर तुम्हाला मी सांगायला नको.

एजंटासमोर बसा आणि बाजेचे चारही खूर हलवून पाहा.

पहिला खूर रोजीचा. मालकाचे नाव काय, गाव कोणते, धंदा कोणता? करारावर मालकाची सही आहे का? पहिल्या महिन्याचा पगार किती, कपात किती, खोलीचे भाडे किती? ६८२ युरोचे आपले रुपये किती होतात, हे ऐकून हुरळू नका. भाडे आणि भाकरीही युरोतच आहे.

दुसरा विद्येचा. शेवटी तिथल्या परीक्षेचा कागद मिळणार का, की नुसती हमाली? आणि हे नीट ऐका. तुमच्या पोराचा आयटीआय दोन वर्षांचा आहे, तो वाया गेलेला नाही. १ मार्च २०२४ पासून तिथे एक वाट निघाली आहे. आपल्या देशातले सरकारमान्य, किमान दोन वर्षांचे धंदेशिक्षण असेल, थोडी भाषा येत असेल आणि मालक तयार असेल, तर माणसाने तिथे जाऊन नोकरी करायची आणि नोकरी करता करताच उरलेले शिक्षण पुरे करून तिथली मान्यता घ्यायची. एजंट तुम्हाला ही वाट सांगत नसेल तर का सांगत नाही, ते विचारा.

तिसरा भाषेचा. उमेदवारीसाठी जायचे तर साधारणपणे बी-वन पातळीचे जर्मन लागते. दुसऱ्या वाटेला ए-टू. बी-वनला रोज बसूनही कित्येक महिने जातात. 'तिथे गेल्यावर आपोआप येते' असे जो म्हणतो, तो एक तर जर्मनीत गेलेला नाही किंवा तुम्हाला फसवतो आहे.

चौथा मुक्कामाचा. व्हिसा कशाचा आहे? उमेदवारीचा, नोकरीचा, भाषेच्या वर्गाचा की नुसता काम शोधायचा? शिक्षण संपल्यावर किती राहता येते? मालकाने काढून टाकले तर काय? मध्येच सोडले तर पोराला दंड भरावा लागतो का?

आणि या चारांवर एक पाचवा प्रश्न. पैसा कोण कोणाला देतो? आपल्या देशात १९८३ चा परदेशी नोकरीस जाणाऱ्यांचा कायदा आहे. त्याच्या नियमांत परदेशी नोकरी लावणारा एजंट सरकारदरबारी नोंदलेला हवा आणि त्याने कामगाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, याहून जास्त सेवाशुल्क घ्यायचे नाही, पावती द्यायची, असे ठरलेले आहे. चार लाख कशाचे? केरळ सरकारच्या संस्थेने २०२१ साली जर्मन सरकारी यंत्रणेशी करार करून नर्स पाठवायला सुरुवात केली. तिथे नर्सकडून भरतीचे पैसे घेत नाहीत, ते मालक भरतो. ज्याला माणसाची गरज आहे त्याने खर्च करायचा, हा साधा न्याय आहे. गरज मालकाची आणि वावर विकायचे शेतकऱ्याने, हा न्याय कुठला?

म्हणून काका, माझे उत्तर असे. पोराला जायचे असेल तर जरूर जाऊ द्या. पण वावर विकू नका. कर्ज काढून गेलेला पोरगा थांबू शकत नाही. तो उमेदवारी सोडून गोदामात जाईल, घाम घाईने विकेल आणि दहा वर्षांनी पुन्हा एकच खटका दाबणारा होईल. तुमचा सव्वा एकर हीच त्याची थांबायची ताकद आहे. ती आधीच विकली तर तो कशाच्या जोरावर शिकेल?

बैठकीपुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली अशी की आपल्यातल्या तिघांची एक समिती नेमावी. एक कागद वाचणारा, एक हिशेब करणारा आणि एक मायबहिणींपैकी. परदेशाचा किंवा पुण्या-मुंबईचा कोणताही नोकरीचा करार गावातल्या पोराने सही करण्याआधी या तिघांना दाखवावा. दुसरी सूचना घरच्या कामाची. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. २०२४ साली राज्याने युवकांना सहा ते दहा हजार रुपये देऊन सहा महिने कार्य प्रशिक्षण दिले, मग पाच महिने वाढवले. रोजी मिळाली, पण पुढची वाट बांधलेली नव्हती. पोरे पुन्हा रस्त्यावर आली, मागणी करायला. एक खूर होता, तीन नव्हते. आपल्या तालुक्यात जिनिंग आहे, ट्रॅक्टरची गॅरेजे आहेत, सौर पंप बसवणारे आहेत. आयटीआयच्या प्राचार्यांना आणि या मालकांना एकत्र बसवू. आठवड्याचे चार दिवस काम, दोन दिवस शाळा, पहिल्या महिन्यापासून मजुरी आणि शेवटी परीक्षा. दहा पोरांपासून सुरू करू, आणि त्यांत चार पोरी असतील.

काका, बैठक संपल्यावर पोराला घेऊन थांबा. एजंटाने दिलेला कागद बरोबर आणला असेल तर आज इथेच तो वाचून काढू.